माशाला डोस पाजायचा कसा?

शिरोळकडच्या एका शेततळ्याच्या बांधावर परवा एका प्रश्नानं मला गाठलं. तळ्याच्या मालकाची शेजारीच पोल्ट्री आहे. ‘सर, कोंबड्यास्नी राणीखेतची लस आमी पाण्यातनंच देतोय. क्लोरीननं मरू नये म्हणून दुधाची पावडर घालतोय. मासं तर पाण्यातच हाईत की! त्यास्नी का न्हाई?’

प्रश्न बिनतोड होता. त्याच्या तळ्यात चिलापी म्हणजे तिलापिया मासा आहे, आणि चिलापीवर 2014 साली इस्रायलमध्ये ओळखला गेलेला तिलापिया लेक विषाणू आता भारतातही नोंदला गेलाय. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी लोक तळ्यात ओततात. दुकानात ‘इम्युनिटी’ची बाटली मिळते, बांधावर लिंबू-मिरची टांगलेली असते. माझ्या लेखी दोन्हींचा गुण सारखाच, लिंबू निदान स्वस्त.

नॉर्वेत सालमन माशाला यंत्रानं इंजेक्शन देतात. तो मासा महाग, परवडतं. दहा हजार बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) एकेक धरून, गुंगी देऊन टोचायच्या म्हटल्यावर रोहू-चिलापीवाला हातच जोडेल. उरतं तोंड. कॅनडात डफ नावाच्या शास्त्रज्ञानं 1942 मध्येच मेलेले जिवाणू खाद्यातून ट्राउट मासळीला चारून तिला रोगापासून वाचवलं होतं. मग अडलं कुठं?

कोंबडीची ती लस जिवंत असते, श्वासमार्गात स्वतःच वाढते. तळ्यात जिवंत विषाणू सोडायचा तर शिरोळचा पूर आठवावा: तळ्यातलं सगळं कृष्णेत. म्हणून विषाणू मारून, किंवा त्याच्या कवचाचं एखादं प्रथिनच चारणं बरं. पण प्रथिन म्हणजे पोटाच्या दृष्टीनं अन्न. तुकडे करणं हे त्याचं कामच.

इथून पुढची गंमत मला फार आवडते. चिलापीचं जठर भयंकर आम्लधर्मी, सामू 2 च्याही खाली जाऊ शकतो. रोहू-कटल्याला मात्र जठरच नसतं! घशातून थेट लांबलचक आतडं. दोघांच्याही आतड्याच्या शेवटाकडच्या भागात अशा पेशी आहेत, ज्या मोठे रेणू न तोडता आख्खे गिळतात आणि आतल्या संरक्षक पेशींच्या हवाली करतात. लस तिथवर शाबूत पोचली पाहिजे.

चिलापीसाठी समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटच्या बारीक गोळ्या कामी येतात. आम्लात त्या आकसून घट्ट राहतात, पुढं आतड्यातल्या अल्कलीत फुगून सुटतात. रोहूत आम्लच नाही, म्हणजे कुलूप पहिल्याच वळणावर उघडणार. तिथं यीस्टची पेशी बरी वाटते. विषाणूचं प्रथिन तिच्याकडूनच बनवून घ्यायचं, जाड भिंत वाटेत त्याला सांभाळते, आणि त्या भिंतीतलं ग्लुकन माशाच्या प्रतिकारशक्तीला डिवचतं.

ते डिवचणं लागतंच. रोज पोटात येणाऱ्या अन्नावर शरीर चिडलं तर जगणार कसं? म्हणून आतडं सोशिक असतं, आणि लस वारंवार, नुसतीच चारली तर तिलाही ‘पेंड’ समजून सोडून देण्याची भीती. जमलं तर मात्र आतड्यात आयजीटी ही प्रतिपिंडं तयार होतात. ती 2005 साली सापडली आणि 2010 मध्ये आतड्यातली त्यांची कामगिरी कळली. माणसाच्या आतड्यातल्या आयजीए या प्रतिपिंडांचं काम माशात ती करतात, जनुक मात्र वेगळं. रक्त तपासून तिथली आयजीएम ही प्रतिपिंडं मोजत बसलं तर हे निसटतं.

हे सगळं बांधावर सांगून झालं. मालकानं खाद्याची मूठ फेकली. दांडग्या चिलाप्या तुटून पडल्या, बारक्या कडेला राहिल्या. म्हटलं, ही आणखी एक अडचण, डोस सगळ्यांना सारखा जात नाही.

‘कोंबड्यास्नी आमी लशीआधी दोन तास तहानलेलं ठेवतोय,’ तो म्हणाला. ‘ह्यास्नी एक दिस उपाशी ठिवा की.’

प्रयोगशाळेतल्या टाक्यांत पुष्कळदा हेच करतात.