फॅलेनॉप्सिस की डेंड्रोबियम? फुलाकडे नको, खोडाकडे बघा

साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या एखाद्या मोठ्या नर्सरीत ऑर्किड मागितलं, की बहुधा दोनपैकी एक रोप हातात पडतं. दोन्हींची फुलं जांभळी किंवा पांढरी, चपटी, लांब दांड्यावर ओळीनं लागलेली. एक फॅलेनॉप्सिस, दुसरं डेंड्रोबियम. विकणारा दोघांना ऑर्किडच म्हणतो आणि सल्लाही एकच देतो: सावलीत ठेवा, बेतानं पाणी घाला. दोघांना सारखंच वागवलं की त्यातलं एक रोप कुजतं, नाहीतर वर्षानुवर्षं फुलत नाही.

हा घोटाळा जुना आहे. आपल्याकडच्या बहुतेक कुंडीतल्या डेंड्रोबियमचं मूळ उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका जातीत आहे, आणि तिचं फूल इतकं सारखं दिसतं की तिला डेंड्रोबियम फॅलेनॉप्सिस असंच नाव पडलं होतं. आजही बागवाले या संकरांना ‘डेनफॅल’ म्हणतात. लग्नाच्या मांडवात आणि बुकेमध्ये दिसणारी जांभळी-पांढरी ‘सोनिया’ यांच्यातलीच.

म्हणून फूल बाजूला ठेवा आणि खाली बघा. डेंड्रोबियमला कांड्या असतात, उसासारख्या पेरापेराच्या, अर्थात लहान. दर हंगामात बुंध्यातून नवी कांडी फुटते आणि फुलाचा दांडा तिच्या शेंड्याजवळून निघतो. फॅलेनॉप्सिसला कांडी नसतेच. चार-सहा जाड, रुंद पानं एकमेकांवर बसलेली, नवं पान मधूनच येतं आणि दांडा पानाच्या बगलेतून, अगदी खालून निघतो. फुलं नसतानाही एवढ्यावरून ओळख पटते.

बाकीचा सगळा फरक या कांडीतून येतो. कांडी म्हणजे डेंड्रोबियमची पाण्याची आणि अन्नाची साठवण. महाबळेश्वर-कोयनेकडच्या झाडांवर रानातलं डेंड्रोबियम बार्बाटुलम वाढतं, त्याचा क्रम बघण्यासारखा आहे. पावसाळ्यात कांडी भरते, नंतर पानं गळतात आणि हिवाळ्याच्या शेवटी उघड्या कांडीवर पांढरी फुलं येतात. (ते झाडावरच बघावं, काढून घरी आणू नये.) कुंडीतलं डेनफॅल सगळी पानं टाकत नाही, पण वाढ आणि विश्रांती हा क्रम त्यालाही हवा असतो. नवी कांडी वाढत असेल तेव्हा भरपूर पाणी, ती पूर्ण वाढून थंडी सुरू झाली की हात आखडता. दोन पाण्यांच्या मध्ये कुंडी खडखडीत वाळली तरी चालते. फॅलेनॉप्सिसकडे जाड पानं आणि मुळं सोडली तर साठा नाही. ते वर्षभर थोडं थोडं वाढत राहतं, त्याला लांबचा उपास सोसत नाही आणि मुळाशी साचलेलं पाणी तर अजिबात नाही.

पाणी कधी द्यायचं हे मुळं सांगतात. कोरडं मूळ रुपेरी-पांढरं दिसतं, पाणी मिळालं की काही क्षणांत हिरवं होतं. फॅलेनॉप्सिसची मुळं उजेडात अन्नही तयार करतात, म्हणून त्याला पारदर्शक कुंडी चांगली. सगळी मुळं रुपेरी झाल्यावरच पाणी द्या, सकाळी. पानांच्या मधल्या खळग्यात थेंब राहिला तर कापसानं टिपून घ्या. तिथं कूज लागली तर वाढीचा एकमेव शेंडाच जातो. डेंड्रोबियमची एक कांडी कुजली तरी दुसरी असते.

आता सुरकुत्या. डेंड्रोबियमची जुनी कांडी सुरकुतली तर घाबरू नका, ती आपला साठा नव्या फुटीला देत असते. नवी कांडी सुरकुतली तर मात्र पाणी कमी पडतंय. फॅलेनॉप्सिसची पानं लोंबली, की लोक लगेच पाणी ओततात. आधी रोप कुंडीतून काढून बघा. मूळ तपकिरी असेल आणि चिमटीत धरल्यावर वरची साल सुटून आत नुसता दोरा राहत असेल, तर पाणी जास्त झालंय. ती मुळं कापून टाका आणि कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचं सोडण असं नवं मिश्रण भरा. मातीत दोन्हींपैकी काहीच लावायचं नाही.

आपल्या भागात एक चूक हमखास होते, आणि ती उसाच्या सवयीतून होते. फुलं संपली की जुनी कांडी तळातून छाटायची, खोडव्यासारखी नवी फूट येईल या आशेनं. डेंड्रोबियममध्ये हे नुकसानीचं आहे. जुन्या, पानं गळालेल्या कांडीवरही पुन्हा तुरा येऊ शकतो, आणि नवी फूट तिच्याच जिवावर उभी राहते. वाळून तपकिरी झालेली कांडीच काढा. फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल तर खालची दोन-तीन पेरं ठेवून कापा, कधीकधी तिथून फाटा फुटून फुलं येतात. रोप अशक्त असेल तर दांडा तळातूनच काढा.

उजेडाचंही तसंच. फॅलेनॉप्सिसला पूर्वेची खिडकी पुरते. डेंड्रोबियमला गच्चीवर ५० टक्के शेडनेटखाली ठेवा. घरातल्या कोपऱ्यात त्याची पानं गर्द हिरवी, देखणी होतात आणि फूल येत नाही. फॅलेनॉप्सिसला दांडा यायला काही आठवडे थोडी गार हवा लागते. दिवाळीनंतरचा साताऱ्याचा गारवा ते काम करतो. पारा १५ च्या खाली जायला लागला की मात्र दोन्ही रोपं रात्री आत घ्या. सांगली-मिरजेकडच्या एप्रिलच्या कोरड्या झळांत फॅलेनॉप्सिस जास्त हाल सोसतं. खाली खडे आणि पाणी भरलेला ट्रे ठेवा, कुंडी खड्यांवर, पाण्यात नाही.

बोअरचं खारं पाणी दोघांनाही नको. कोळशावर पांढरा थर दिसू लागला तर क्षार साठलेत, कुंडी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन काढा. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. खत म्हणजे द्राक्षवाल्यांकडं असतं तेच १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला १ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि तेही रोप वाढत असतानाच. कुंडी बदलायची वेळ वेगळी: फॅलेनॉप्सिसची फुलं संपल्यावर, डेंड्रोबियमची नव्या फुटीला मुळं दिसू लागल्यावर. डेंड्रोबियमला कुंडी लहानच द्या. कांड्या वाढून ती कलंडायला लागली तर मोठी कुंडी नको, तीच कुंडी एखाद्या जड भांड्यात बसवा.