प्रिऑन रोगांचा प्रसार : हरणे आणि इतर प्राणी

मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी बिघडते आणि ती बिघडलेली घडीच एका जनावरातून दुसऱ्यात पसरते, अशा रोगांना प्रिऑन रोग म्हणतात. मेंढ्यांचा स्क्रेपी, गुरांचा बीएसई (वर्तमानपत्रांतला ‘मॅड काऊ’), हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणजे सीडब्ल्यूडी आणि माणसातला क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग ही सगळी एकाच घराण्यातली नावे. लागण झाल्यावर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे बाहेरून काही कळत नाही. लक्षणे दिसू लागली की जनावर वाचत नाही. भारतातल्या हरणांमध्ये सीडब्ल्यूडी आढळलेला नाही, दाजीपूरच्या रानातही नाही. तरी धनगरांचे वाडे, दारोदारच्या म्हशी आणि सांबर-भेकरांचे रान हे सगळे एकाच जिल्ह्यात असलेल्या कोल्हापुरात हा विषय परका वाटू नये. रोग कसा पसरतो हे समजायला लागणारे दाखले इथे हाताशी आहेत.

आधी घडीचे पाहू. हे प्रथिन सस्तन प्राण्यांच्या मेंदूत मुळातच असते आणि त्याने काही बिघडत नाही. मात्र चुकीच्या घडीचा एक रेणू शेजारच्या सरळ रेणूला भिडला की तोही तशीच घडी घेतो. मग दोनाचे चार होतात, चारांचे आठ. विरजणाची उपमा पटकन सुचते, पण ती दिशाभूल करते, कारण विरजणात जिवाणू असतात आणि इथे जिवंत असे काहीच नाही. खडीसाखर जास्त जवळची. पाकात दोरा सोडला, त्यावर एक खडा धरला, की पुढचे कण त्याच्याच ठेवणीने बसत जातात. मेंदूत हे झाले की पेशी मरतात, पोकळ्या पडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू स्पंजासारखा दिसतो. अशा चुकीच्या घडीच्या प्रथिनाला ‘प्रिऑन’ हे नाव अमेरिकेच्या स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली दिले. जनुकीय द्रव्याशिवाय रोग पसरतो यावर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. १९९७ मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जिवंत नाही म्हणून मारताही येत नाही, ही या रोगांची सगळ्यात अवघड बाजू आहे. उकळल्याने प्रिऑन जात नाहीत आणि फॉर्मॅलिनला दाद देत नाहीत. १९३० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांच्या एका वेगळ्याच रोगावर, मेंढ्यांच्याच मेंदूपासून लस तयार केली होती. विषाणू मरावा म्हणून तीत फॉर्मॅलिन घातले होते. विषाणू मेला, पण ज्या मेंढ्यांचे मेंदू वापरले त्यांतल्या काहींत स्क्रेपी दडलेला होता, आणि लस टोचलेल्या शेकडो मेंढ्यांना दोन-अडीच वर्षांनी तोच रोग झाला. त्याच दशकात, १९३६ साली, फ्रान्समधल्या क्विये आणि शेल या दोन पशुवैद्यांनी स्क्रेपी एका मेंढीतून दुसरीत टोचून दाखवला होता. त्यांच्या आधी तो प्रयत्न अनेकांनी सोडून दिला, कारण वर्षभर वाट पाहायची कुणाची तयारी नव्हती.

हरणांतला रोग पहिल्यांदा नजरेला आला तो १९६७ मध्ये, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स इथल्या वन्यजीव संशोधन केंद्रात. तिथली पाळलेली म्यूल डिअर जातीची हरणे खात असूनही वाळत चालली होती. अपुरा चारा किंवा कोंडून ठेवल्याचा ताण असावा, असे बराच काळ वाटत राहिले. १९७० च्या दशकाच्या शेवटी एलिझाबेथ विल्यम्स या पशुवैद्यक संशोधिकेने मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा स्पंजासारख्या पोकळ्या दिसल्या आणि हा स्क्रेपीचा भाऊबंद असल्याचे कळले. १९८१ मध्ये मोकळ्या रानातल्या एल्क या मोठ्या हरणात तो सापडला. पुढे पांढऱ्या शेपटीची हरणे, मूस आणि रेनडिअरही त्याच्या तावडीत आले. आजारी हरीण मान खाली घालून, कान पाडून उभे राहते, लाळ गाळते, सारखे पाणी पिते. माणसाची भीतीही त्याला उरत नाही.

मराठीत ‘हरीण’ हा शब्द सैल आहे, म्हणून एक खुलासा. दरवर्षी शिंगे झडणारी चितळ, सांबर, भेकर ही सीडब्ल्यूडी होणाऱ्या कुळातली. काळवीट, चिंकारा, चौसिंगा यांची शिंगे कायमची असतात, ते गाय-मेंढीच्या कुळात येतात. भेकराचा एक चिनी भाऊबंद, रीव्हज मुंटजॅक, प्रयोगशाळेत या रोगाला बळी पडला आणि आजारी माद्यांकडून पिलांनाही लागण झाल्याचे दिसले. दाजीपूरच्या भेकराची जात वेगळी असली तरी अंतर फार नाही.

प्रसाराचे मार्ग अनेक आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेले आहेत. हरणात प्रिऑन केवळ मेंदूत राहत नाहीत. घशाच्या गाठी, प्लीहा, लाळ, मूत्र, विष्ठा, अगदी नव्या शिंगांवरची मखमलही त्यांनी भरलेली असते. लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधीपासून ते बाहेर पडत राहतात. एकमेकांचे तोंड चाटणे, एकाच पाणवठ्यावर पिणे, एकाच ठिकाणची खारट माती चाटणे एवढेही पुरते. विस्कॉन्सिनमध्ये हरणे क्षार चाटायला जमतात अशा जागांच्या मातीत आणि पाण्यात प्रिऑन सापडले आहेत. गोठ्यातली चाटणवीट डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे एका ओल्या ढेकळावर किती जिभा फिरतात ते कळेल. मेलेले हरीण हा आणखी एक साठा. अमेरिकी कावळ्यांना प्रिऑन खाऊ घातले तर ते विष्ठेतून बाहेर पडून पुन्हा रोग करू शकतात, असे प्रयोगात दिसले आहे.

माती यात नुसती पडून राहत नाही, रोगाला साथ देते. आइसलंडमध्ये स्क्रेपीमुळे अख्खे कळप मारून, गोठे धुऊन, दोन-तीन वर्षे रिकामे ठेवून मग नव्या मेंढ्या आणत. तरी रोग परतायचा. एका ठिकाणी तो किमान सोळा वर्षांनी परतला. कोलोरॅडोत ज्या कुंपणात आजारी हरणांचे सांगाडे सुमारे दोन वर्षांपूर्वी कुजले होते, तिथे सोडलेल्या निरोगी हरणांना लागण झाली. यामागे मातीचा गुण आहे. मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज प्रिऑन घट्ट धरून ठेवते, आणि अशा मातीला चिकटलेले प्रिऑन पोटात गेले तर मोकळ्या प्रिऑनपेक्षा शेकडो पटींनी जास्त लागट ठरतात, असे हॅमस्टरांवरील प्रयोगांत आढळले. दख्खनच्या काळ्या मातीत याच गटातली खनिजे भरपूर असतात. पाऊस पडला की पायाला गोळे धरणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी शिरोळ-हातकणंगल्याची जमीन त्यांच्यामुळेच तशी वागते. राधानगरीकडच्या जांभ्या मातीची ठेवण वेगळी. शिरोळात रोग आहे असा याचा अर्थ नाही. पण रोग आलाच तर तो कुठे मुक्काम ठोकेल याचा अंदाज मातीवरून बांधता येतो.

कळप हलला की रोगही हलतो. कॅनडाच्या पाळीव एल्कबरोबर सीडब्ल्यूडी दक्षिण कोरियात पोचला. युरोपात तो २०१६ मध्ये नॉर्वेच्या नोर्डफेला भागातल्या एका रानटी रेनडिअरमध्ये सापडला. रोग फैलावू नये म्हणून तिथला दोन हजारांहून मोठा कळप संपवला गेला. निर्णय कठोर होता, पण माझ्या मते उशीर न केल्याने योग्यच ठरला. अमेरिकेत रोग तीसहून अधिक राज्यांत पसरला आहे. तिथे आता त्याच्यासोबत जगण्याच्या तडजोडी चालल्या आहेत. सीडब्ल्यूडी माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा सल्ला दिला जातो.

बीएसईची वाट मात्र वेगळी होती. गाय गायीला तो देत नाही, कारण गुरांत प्रिऑन बहुतांशी मेंदू आणि मज्जारज्जूतच अडकून राहतात. तो पसरला तो माणसाने खुराकात कालवल्यामुळे. ब्रिटनमध्ये मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी प्रथिनांसाठी दुभत्या गुरांना चारत. सरकी पेंड, भुसा आणि मका भरडा मिसळणाऱ्या आपल्या गवळ्याला रवंथ करणाऱ्या जनावराला जनावरच चारण्याची कल्पनाही सोसणार नाही. १९८६ मध्ये रोग ओळखला गेला, १९८८ मध्ये असा खुराक बंद झाला, तोवर विष पसरले होते. ब्रिटनमध्ये एक लाख ऐंशी हजारांहून जास्त गुरे आजारी पडली. वासराला बाधायला एक ग्रॅमहूनही कमी मेंदू पुरतो. प्राणिसंग्रहालयांतले न्याला आणि कुडू हे कुरंग आणि घरातली मांजरे यांनाही तो झाला, कुत्री मात्र सुटली. १९९६ मध्ये तो माणसात आल्याचे जाहीर झाले आणि ब्रिटनमध्ये १७८ जण दगावले. भारतात बीएसई आढळलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटना भारताला नगण्य धोक्याच्या गटात धरते.

स्क्रेपीबाबत मात्र एवढे निश्चिंत राहता येत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत तो आढळल्याची नोंद १९६१ साली प्रसिद्ध झाली होती. कोल्हापूरच्या शिवारात बकरी बसवायची रीत जुनी आहे. (इथला धनगर मेंढरांना बकरी म्हणतो, शेळ्यांना शेरडं.) रात्री वाघरीत कोंडलेला कळप लेंडी-मूत टाकून रान खतावतो आणि सकाळी पुढच्या रानात जातो. मेंढी व्यायली की वार तिथेच पडते, आणि स्क्रेपीचा मोठा वाटा या वारेतूनच पसरतो. ती उचलून जाळावी. उघड्यावर टाकू नये, कुत्र्याने ओढत नेईल अशी उथळ पुरू नये.

अंग घासणाऱ्या प्रत्येक मेंढीला स्क्रेपी समजू नये. आपल्याकडे बहुतेक वेळा ती खरूज असते, पिलांनाही होते आणि औषधाने आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. स्क्रेपी पिलांना दिसत नाही. दोन ते पाच वर्षांची मेंढी कुडाला, खांबाला पाठ घासून लोकर काढते. पाठीवर कमरेजवळ खाजवले की मान वर करून ओठ हलवते, जीभ चाटते. पुढे मागचे पाय लटपटतात. औषधाने उतार पडला नाही आणि चाल बिघडली तर ते जनावर बाजारात नेऊ नये, कापून वाटून घेऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. ते मेले तर मुंडी जपून ठेवावी, कारण खात्री पटते ती मेंदूचा देठ तपासूनच.