उघडे रान आणि पावसाचा थेंब

मातीची दोन वाळलेली ढेकळे घ्या. एक दरवर्षी खोल नांगरल्या जाणाऱ्या शेतातले, दुसरे त्याच शेताच्या बांधावरचे, जिथे वर्षानुवर्षे गवत वाढते आहे. पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या ग्लासांत ती अलगद सोडा. शेतातले ढेकूळ बहुधा काही मिनिटांतच फुटू लागते, बुडबुडे निघतात, पाणी गढूळ होते. बांधावरचे मात्र बराच वेळ आपला आकार धरून राहते. खाली खडक एकच, वर पाऊसही एकच, तरी एवढा फरक कसा पडतो?

कोरड्या ढेकळात पाणी शिरले की आतल्या पोकळ्यांतली हवा कोंडली जाते आणि बाहेर पडायला धडपडते. कण एकमेकांना घट्ट धरून असतील तर ढेकूळ हा दाब सोसते, नाहीतर फुटते. कणांना धरून ठेवणारा हा डिंक सजीवांनी तयार केलेला असतो. जिवंत मुळे साखरेसारखे पदार्थ मातीत सोडतात, त्यावर जिवाणू पोसतात आणि चिकट स्राव बनवतात, तर बुरशीचे केसाहून बारीक धागे कणांना जाळ्यासारखे गुंडाळतात. यातूनच रवाळ, भुसभुशीत माती घडते. नांगराचा फाळ हे धागे तोडतो. शिवाय उलथलेल्या मातीत भरपूर हवा खेळते, सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ झपाट्याने फस्त करतात आणि त्यातला कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. नांगरट केल्यावर माती मोकळी झालेली दिसते हे खरे, पण ती घडण तात्पुरती असते.

अशा मातीवर जोराचा पाऊस पडतो तेव्हा खरे नुकसान सुरू होते. पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीवर आदळतो तो सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ३० किलोमीटरहून अधिक. जमिनीची धूप वाहत्या पाण्याने होते असे आपण सहज म्हणतो, पण उघड्या जमिनीवर पहिला घाव थेंबाचा असतो. त्या माऱ्याने रवे फुटतात, बारीक कण उडून छिद्रांत बसतात आणि वर घट्ट पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, वाहू लागते आणि सुटे झालेले कण घेऊन जाते. म्हणून धूप आणि ओलाव्याची टंचाई ही दोन दुखणी मला वेगळी वाटत नाहीत. जे पाणी माती नेते, तेच पिकाच्या मुळाशी पोहोचायला हवे होते.

हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, हीच मोठी अडचण. एक हेक्टर शेतावरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर ती १० घनमीटर म्हणजे जवळजवळ १३ टन माती होते. एक मिलिमीटर कुणाच्या लक्षात येणार? त्यात आधी जातात ते चिकणमातीचे आणि सेंद्रिय पदार्थाचे हलके, बारीक कण, म्हणजे सर्वांत कसदार भाग. मागे भरड माती उरते. भूशास्त्रज्ञ डेव्हिड माँटगोमेरी यांनी २००७ साली जगभरातल्या मोजमापांचा ताळा मांडला. नांगरटीच्या शेतातली धूप माती तयार होण्याच्या वेगापेक्षा दहा ते शंभर पटींनी जास्त निघाली. नांगरट टाळलेल्या शेतांत ती माती घडण्याच्या वेगाजवळ आली होती.

वाऱ्यानेही हेच घडते. अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्समध्ये गवताळ जमीन मोडून गहू पेरला गेला, मग दुष्काळ आला आणि उघडी माती हवेत उठली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाने तिथे भरदिवसा अंधार केला. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला.

उपाय शोधताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: वर्षातले किती दिवस जमीन उघडी असते? कापणीनंतरचे काड, पालापाचोळा जागेवर ठेवून जमिनीचा ३० टक्के भाग जरी झाकला, तरी धूप साधारण निम्म्यावर येते. थेंबाचा जोर काडावर जिरतो, पापुद्रा धरत नाही. दोन ओळींतले आंतरपीक किंवा दोन हंगामांमधले हिरवळीचे पीक हेच काम करते आणि वर जिवंत मुळांचा डिंकही पुरवते. उताराला आडवी पेरणी केली की प्रत्येक सरी छोटा बांध बनते. सौम्य उतारावर याचा चांगला उपयोग होतो. उतार लांब आणि तीव्र असेल तर मात्र साचलेले पाणी एका जागी फुटून घळ पाडते, तिथे मध्ये मध्ये गवताचे पट्टे लागतातच.

पिकांच्या फेरपालटाबद्दल थोडे सावध बोलायला हवे. द्विदल पिकामागे येणाऱ्या पिकाला बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने मागे ठेवलेला जमिनीचा कस, चांगले मिळते, कारण मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. पण द्विदलांचा पाला लवकर कुजतो. ते पीक काढून रान तसेच मोकळे ठेवले तर जमीन झाकायला फारसे काही उरत नाही. तृणधान्याची तंतुमुळे आणि सावकाश कुजणारे काड सोबतीला असेल, तेव्हाच फेरपालट धूपही रोखते.

शून्य मशागतीचेही, म्हणजे नांगरट न करता थेट पेरण्याचेही, तसेच आहे. नुसता नांगर थांबवला म्हणजे काम झाले, असे नाही. २०१५ साली सहाशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले गेले. एकट्या शून्य मशागतीने उत्पादन सरासरीने घटलेले दिसले, मात्र काडाचे आच्छादन आणि फेरपालट जोडल्यावर ही घट बरीच कमी झाली आणि कोरड्या हवामानातल्या कोरडवाहू शेतीत उत्पादन वाढलेलेही आढळले. तणांचा प्रश्न उरतोच, आणि तणनाशकावर सगळा भार टाकणे मला पटत नाही. दाट आच्छादनाने तण दाबणे कष्टाचे असले तरी मातीला ते अधिक मानवते.

बदल वरून खाली होत जातो. नांगरट थांबवून आच्छादन ठेवल्यावर काही वर्षांत वरच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये कर्ब वाढतो, गांडुळांची बिळे न मोडता टिकतात आणि त्यांतून पाणी खोल उतरते. खालच्या थरांना दशके लागतात. ग्लासातला प्रयोग दरवर्षी त्याच जागेच्या मातीवर करून पाहता येतो. आधी वरच्या थरातले ढेकूळ पाण्यात टिकू लागेल, आणि वीतभर खोलीवरचे अजून बरीच वर्षे फुटत राहील.