कॉलवर तिसरे कोण? शिक्षक-विद्यार्थी व्हिडिओ कॉलच्या नियमांची पार्श्वभूमी

शिक्षकाने विद्यार्थ्याला व्हिडिओ कॉल करायचा तर तो कोणत्या खात्यावरून, किती वाजता, कोणाला कळवून, आणि त्याचे रेकॉर्डिंग ठेवायचे की नाही, याबद्दल आज अनेक शाळांकडे लेखी नियम आहेत. महासाथीच्या गडबडीत ते लिहिले गेले हे खरे. पण त्यांतल्या सर्वांत कडक कलमांमागचा विचार त्याआधीच, व्हिडिओशी फारसा संबंध नसलेल्या एका भांडणात घडला होता.

दुरून शिकवणे जुनेच. १९३७ मध्ये पोलिओच्या साथीमुळे शिकागोतल्या शाळा बंद झाल्या तेव्हा रेडिओवरून धडे दिले गेले. ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागातली मुले १९५१ पासून रेडिओवरून बाईंशी बोलत होती. तिथे प्रत्येकाचे बोलणे सगळ्यांना ऐकू जाई, त्यामुळे एकांताचा प्रश्नच नव्हता. घरगुती संगणकावरचे व्हिडिओ कॉल २००६ च्या सुमारास रुळले आणि २०१० पासून ते फोनवरही सोपे झाले. तरी शाळेत व्हिडिओ कॉल म्हणजे अख्खा वर्ग एका पडद्यासमोर आणि पलीकडे दूरच्या गावचा एखादा पाहुणा, एवढेच बहुतेकांना ठाऊक होते. नियम करायचा तर संगणक कक्ष कोणी उघडायचा, याचा.

खरा वाद पेटला २०११ मध्ये, अमेरिकेच्या मिझुरी राज्यात. शिक्षकांकडून होणाऱ्या लैंगिक शोषणाला आळा घालण्यासाठी तिथल्या विधिमंडळाने एक कायदा केला. कायद्याचा मोठा भाग शाळांनी अशी प्रकरणे दडपू नयेत आणि दोषी शिक्षकाला गुपचूप दुसऱ्या शाळेत जाऊ देऊ नये, यासाठी होता, आणि त्याबद्दल फारशी कोणाची तक्रार नव्हती. ठिणगी पडली ती एका कलमामुळे. आजी किंवा माजी विद्यार्थ्याला शिक्षकाशी खासगीत संपर्क साधता येईल असे, कामाशी संबंध नसलेले कोणतेही संकेतस्थळ शिक्षकाने वापरू नये, असे ते कलम सांगत होते.

आता यात काय काय येते? समाजमाध्यमांवरचे खासगी निरोप तर येतातच. पण ज्या शिक्षिकेचा मुलगा त्याच शाळेत शिकतो, तिने त्याला घरच्या गोष्टींसाठी तिथे निरोप पाठवला तर? शब्दशः वाचले तर तोही कायद्याचा भंग. शिक्षक संघटना न्यायालयात गेली. कायदा २८ ऑगस्टला लागू व्हायचा होता. दोनच दिवस आधी न्यायाधीशांनी त्या कलमाला तात्पुरती स्थगिती दिली. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर याचा दडपण आणणारा परिणाम होईल, आणि शिक्षक असलेल्या पालकांचे स्वतःच्या मुलांशी बोलणेही यात अडकेल, असे कारण त्यांनी दिले. त्यानंतर विधिमंडळाने कलम मागे घेतले आणि इलेक्ट्रॉनिक संपर्काबद्दल प्रत्येक शालेय जिल्ह्याने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, स्वतःचे धोरण करावे, असे सांगून मोकळे झाले.

हा शेवटचा भाग सहसा विसरला जातो, पण सर्वाधिक परिणाम त्याचाच झाला. राज्याला जी व्याख्या जमली नाही ती शाळांवर ढकलली गेली. शाळांनी वकिलांना विचारले, आणि वकील सांगतात तेच त्यांनी सांगितले: फक्त शाळेचे खाते, फक्त शाळेची वेळ, एकास एक संपर्क नको. पुढच्या काही वर्षांत इतरत्रही याच धर्तीच्या सूचना निघाल्या. वर्गात मुलासोबत एकटे बसावे लागले तर दार उघडे ठेवायचे, ही जुनी रीत पडद्यावर आणण्याचा तो प्रयत्न होता. वर्गाच्या दाराबाहेरून माणसे येत-जात असतात, म्हणून ते उघडे ठेवण्याला अर्थ असतो. कॉलमध्ये तशी ये-जा नसते, आणि नियम लिहिणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला दिसत नाही.

मग मार्च २०२० आला. १९० हून अधिक देशांत शाळा बंद झाल्या, सुमारे १५० कोटी विद्यार्थी घरी बसले, आणि ज्या गोष्टीला शाळा कालपर्यंत नको म्हणत होत्या तीच गोष्ट म्हणजे शाळा झाली. झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला एक कोटी लोक बैठकांत सहभागी होत. मार्चपर्यंत ही संख्या २० कोटींवर गेली. सिंगापूरमध्ये एप्रिलमध्ये भूगोलाच्या ऑनलाइन तासात परके लोक घुसले आणि त्यांनी मुलींना अश्लील चित्रे दाखवली. शिक्षकांचा झूमचा वापर तिथे थांबवला गेला आणि सुरक्षा वाढवून पुन्हा सुरू झाला. न्यूयॉर्क शहरानेही त्याच महिन्यात बंदी घातली आणि मे महिन्यात उठवली. वेटिंग रूम, पासवर्ड, लिंक कोणाला द्यायची नाही, स्क्रीन शेअर कोणाच्या हाती ठेवायचे, ही कलमे त्या काही आठवड्यांतली. ती बरी उतरली, कारण धोका ठोस होता आणि उपाय बटणात होता.

एकास एक कॉलचे मात्र तसे झाले नाही. इंग्लंडमध्ये एका मोठ्या शिक्षक संघटनेने तर सुरुवातीला घरून थेट तास घेऊच नका, असा सल्ला दिला होता. इतर ठिकाणी ‘फक्त गटाने’ हा नियम आला. पण ज्या मुलाला उच्चारांसाठी स्वतंत्र मदत लागते, किंवा जे मूल समुपदेशकाशीच बोलू शकते, त्याने गटात काय करायचे? म्हणून अपवाद जोडले गेले: दुसरा प्रौढ कॉलवर हवा, पालक शेजारच्या खोलीत हवेत, किंवा रेकॉर्डिंग हवे. ज्या मुलाचा त्रासच घरात आहे, ते पालक ऐकत असताना काय बोलणार, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

रेकॉर्डिंगचा पर्याय शिक्षकांनाही सोयीचा वाटला, कारण खोटा आरोप झालाच तर पुरावा हाती राहतो. पण अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या १९७४ च्या कायद्यानुसार शाळेने ठेवलेले, विशिष्ट विद्यार्थ्याशी थेट संबंधित रेकॉर्डिंग शैक्षणिक नोंद ठरू शकते आणि पालक ते पाहायला मागू शकतात. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांनुसार ते कशासाठी आणि किती काळ ठेवले, हे सांगावे लागते. संरक्षणासाठी केलेली नोंद अशी स्वतःच एक जोखीम झाली. काही शाळांनी रेकॉर्डिंग सक्तीचे केले, काहींनी त्यावर बंदी घातली, आणि दोघींनीही कारण दिले ते बालसुरक्षेचेच.

कॅमेऱ्याने घरही शाळेत आणले. ऑगस्ट २०२० मध्ये कोलोरॅडोतल्या १२ वर्षांच्या मुलाच्या हातात ऑनलाइन तासात खेळण्यातली बंदूक दिसली. शाळेने पोलिसांना कळवले आणि त्याला पाच दिवसांसाठी निलंबित केले. पुढच्याच महिन्यात लुइझियानात चौथीतल्या मुलावर छऱ्याच्या बंदुकीवरून कारवाई झाली, आणि ती बंदूकही त्याच्याच खोलीत ठेवलेली होती. त्या राज्याने त्याच वर्षी कायदा करून ऑनलाइन वर्गासाठी शिस्तीचे वेगळे, स्पष्ट नियम करायला शाळांना भाग पाडले. मिझुरीचा कायदा शिक्षकाच्या वागण्याबद्दल होता, हा शाळेच्या अधिकाराची हद्द आखणारा. माझ्या मते दुसरा जास्त कामाचा.

शाळा पुन्हा भरल्या तसे ऑनलाइन तास कमी झाले, पण पालकसभा, आजारी मुलांचे तास आणि समुपदेशन बऱ्याच ठिकाणी कॉलवरच राहिले, आणि २०२० च्या नियमावल्या किरकोळ बदल करून चालू आहेत. दरम्यान साधन बदलले. कॉल ऐकून आपोआप टिपणे काढणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय आता अनेक व्हिडिओ सेवांत असते. ऑगस्ट २०२३ मध्ये एका मोठ्या व्हिडिओ कंपनीने वापराच्या अटी अशा बदलल्याचे उघड झाले की ग्राहकांची सामग्री कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाला वापरता येईल असा अर्थ निघत होता. ओरड झाल्यावर अटी पुन्हा बदलल्या. ‘रेकॉर्डिंग करू नये’ एवढेच लिहिलेल्या नियमात आपोआप निघालेला मजकूर बसतो का, हे शाळांनी आता ठरवायचे आहे. समुपदेशनाच्या कॉलवर कॅमेरा बंद, रेकॉर्डिंग बंद, आणि तरीही मुलाचे शब्द सर्व्हरवर साठलेले, असे आज नियम न मोडता होऊ शकते.