स्मारकशिळा (कोल्हापूर परिसर)

लढाईत किंवा चळवळीत कामी आलेल्या माणसाची खूण गावाने दगडात उभी करायची, ही कोल्हापूर परिसरातली निदान शिलाहारकाळापासूनची रीत. वीरगळ, समाधी, हुतात्मा स्तंभ, जवान स्मारक अशी तिची रूपे होत गेली. दगडही बदलला. जुनी सगळी कामे इथल्याच काळ्या पाषाणातली, म्हणजे बेसॉल्टमधली. अलीकडच्या काही दशकांत गावोगाव ग्रॅनाइट आला.

करवीर तालुक्यातले कसबा बीड वीरगळांसाठी प्रसिद्ध आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य दहाव्या शतकापासून तेराव्याच्या आरंभापर्यंत टिकले, मग सिंघण यादवाने ते घेतले. वीरगळ वाचायचा तो खालून वर. तळच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो किंवा ढालतलवार घेऊन लढत असतो. जवळ गाईगुरे कोरली असतील तर तो गावची जनावरे सोडवताना पडला असे समजावे. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेताना दिसतात. त्याच्याही वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. काटकोनात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा.

नाव मात्र बहुतेक वीरगळांवर नसते. ज्या गावाने दगड उभा केला त्याला माणूस ठाऊक होता, कोरून घ्यायची गरज वाटली नसावी. चार पिढ्यांनी नाव विसरले गेले आणि दगड उरला. मग कुठे त्याला शेंदूर लागून देव झाला, तर कुठे तो ओढ्याकाठी धुण्याला किंवा देवळाच्या पायरीला गेला. गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीलाही थोडे असेच झाले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती तिथे बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण पडले. प्रतापरावांचे नाव शाळेतले पोरही सांगेल. उरलेल्या सहांची नावे सांगताना मोठेही अडखळतात.

इंग्रजांनी तिसराच प्रकार आणला. पहिल्या महायुद्धात ज्या गावांतून भरती झाली, तिथे नंतर लहान शिळा बसवण्यात आल्या. पश्चिम महाराष्ट्रात त्या अजून आढळतात. मजकूर ठरलेला आणि इंग्रजीत: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. वीरगळावर निदान माणसाचे चित्र तरी होते. इथे नुसती बेरीज.

खुद्द कोल्हापूर शहरात स्मारकांवरूनच लढाई झाली. आजच्या शिवाजी चौकात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ मध्ये जयाबाई हविरे आणि भागीरथीबाई तांबट यांनी त्याला डांबर फासले. पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी तो फोडला. त्याच जागी १९४५ मध्ये बाबूराव पेंटर यांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. बिंदू चौकाचे जुने नाव रविवार वेस. तटाचा तुकडा तिथे आजही उभा आहे. बेचाळीसच्या आंदोलनातले हुतात्मा बिंदू नारायण कुलकर्णी यांच्यावरून चौकाला आजचे नाव मिळाले. तिथेच हुतात्मा स्मारक आहे, आणि भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी बसवलेले महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळेही. बाबासाहेब तेव्हा हयात होते. सभा असो की मोर्चा, कोल्हापूरकर सुरुवात इथूनच करतो, त्यामुळे हे स्मारक रोजच्या वापरातले आहे.

भुदरगड तालुक्यात गारगोटीच्या कचेरीवर १३ डिसेंबर १९४२ रोजी हल्ला झाला आणि सात जण धारातीर्थी पडले. त्यांत करवीरय्या स्वामी, नारायण वारके, तुकाराम भारमल होते. स्वातंत्र्यलढ्यातल्या अशा माणसांसाठी राज्य सरकारने १९८० च्या दशकात महाराष्ट्रभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके बांधली. एकाच धाटणीच्या त्या वास्तू आज कित्येक ठिकाणी कुलूपबंद दिसतात. गावाने स्वतः वर्गणी काढून उभारलेले स्मारक त्या मानाने बरे राखले जाते.

जवान स्मारके ही बहुधा अशी गावकीचीच. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीतून पिढ्यानपिढ्या इतके लोक फौजेत गेले की गावाचे नावच सैनिक टाकळी पडले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, हेही या भागातल्या भरतीचे एक कारण. स्मारकाचा नेहमीचा आराखडा साधा: चौथरा, त्यावर स्तंभ किंवा उलटी बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण, मागे काळ्या ग्रॅनाइटची पाटी. पाटीवर हुद्दा, नाव, पलटण, वीरमरणाची तारीख आणि ठिकाण. चित्र जवळपास नाहीच.

ग्रॅनाइट कोल्हापूरचा नव्हे. इथली जमीन दख्खनच्या लाव्ह्याची, पश्चिमेला वर जांभा. तांबूस ग्रॅनाइट येतो कर्नाटकातल्या इलकलकडून, काळा आणखी दक्षिणेकडून. गंमत अशी की बाजारात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून विकला जाणारा बराचसा दगड भूशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद. फक्त जमिनीखाली सावकाश थिजल्याने रवा मोठा. त्याला आरशासारखे पॉलिश चढते आणि त्यावर कोरलेले अक्षर उठून दिसते, म्हणून पाटीला तो पसंत.

फरक जाडीत आहे. वीरगळ म्हणजे अखंड शिळा, तिचा तळ जमिनीत पुरलेला. ग्रॅनाइटची लादी मात्र अठरा-वीस मिलिमीटरची, स्वयंपाकाच्या ओट्याला लावतात तीच, आणि बऱ्याचदा त्याच दुकानातून आणलेली. ती विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या भिंतीवर सिमेंटने चिकटवतात. कोल्हापूरच्या पावसात सांध्यातून पाणी मागे जाते, मग लादी सुटते. कोपरे आधी फुगतात.

अक्षरांचेही तसेच. पाथरवट छन्नीने खोल खाच पाडायचा. आता स्टेन्सिल चिकटवून वाळूच्या फवाऱ्याने अक्षर उमटवतात आणि त्यात सोनेरी रंग भरतात. पंधरा ऑगस्टच्या आधी पेंटर बोलावून तो रंग पुन्हा भरून घ्यावा लागतो, आणि त्याने घाईत केले की ऱ्हस्वाचा दीर्घ होतो, आडनावावरचा अनुस्वार बुजतो. रंग भरायचा राहिला तर काळ्यावर काळे दिसत नाही. ऊन तिरपे येईतो थांबायचे, नाहीतर बोट फिरवून नाव वाचायचे.