हायड्रॉलिक जॅक आणि स्क्रू जॅक: उचलणारा कोणता, धरणारा कोणता

ट्रकच्या पेटीत दोन्ही पडलेले असतात आणि दोघांनाही नुसतं ‘जॅक’ म्हणतात. बाटलीसारख्या हायड्रॉलिक जॅकच्या डोक्यावरही आट्यांचा एक स्क्रू असतो, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. तो स्क्रू फक्त अंतर भरायला दिलेला आहे. जॅक एक्सलखाली, म्हणजे चाकांच्या आसाखाली ठेवायचा, स्क्रू हाताने फिरवून वर टेकवायचा आणि मग पंप मारायचा. भार असतो तो आतल्या तेलावर. खऱ्या स्क्रू जॅकमध्ये सगळं वजन आटेच पेलतात.

हायड्रॉलिक जॅकने भरलेला ट्रक एकटा माणूस उचलतो. पण उचललेलं वजन थोपवून धरतात एक रबरी सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. सील झिजलं किंवा व्हॉल्व्हखाली कचरा अडकला की दट्ट्या हळूहळू खाली येतो, डोळ्यांना कळतही नाही. स्क्रू जॅकच्या आट्यांचा चढ मुद्दाम इतका कमी ठेवतात की घर्षणामुळे भार स्क्रूला उलटा फिरवू शकत नाही. त्यासाठी मोजावी लागणारी किंमतही मोठी: तुमच्या जोरातला अर्ध्याहून जास्त भाग त्या घर्षणातच जातो. म्हणून उचलायला हायड्रॉलिक घ्या आणि उचलून झालं की शेजारी स्क्रू जॅक टेकवा. गाडीखाली शिरायचं असेल तर दोन्ही जॅक असूनही चेसिसखाली स्टेपनी सरकवा किंवा लाकडी ठोकळे रचा, कारण धक्का लागला तर स्क्रू जॅकसुद्धा आडवा होतो.

किती टनी घ्यायचा? 2018 पासूनच्या नियमाप्रमाणे चार टायरच्या एका एक्सलला 11.5 टन चालतात, म्हणजे एका बाजूला पावणेसहा. हिशेबाने 10 टनी पुरतो. पण माल एका अंगाला सरकलेला असतो, रस्ता कललेला असतो, म्हणून 20 टनीच ठेवावा. तो एक्सलखाली, पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) जवळ लावा. चेसिसखाली लावला तर आधी पाटे सैल होत जातात आणि चाक जमिनीवरच राहतं. बहुतेक 20 टनी जॅक मिटलेले असतानाही साधारण 24 सेंटीमीटर उंच असतात. पुढचा टायर पूर्ण बसला की तेवढी जागा उरत नाही, मग ते चाक आधी हळूच जाड फळीवर चढवून घ्या.

मुंब्रा बायपास आणि घोडबंदर रोडवरचा गायमुख घाट, दोन्हीकडे उतार आहे. तिथे गाडी फक्त गिअरमध्ये ठेवून मागची एक बाजू उचलू नका. मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरेन्शिअलमुळे उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि गाडी सुटते. हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या ड्रमवर असेल तरी हेच होतं. पुढच्या दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने ठोकळे लावा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा आणि मगच पंपाला हात घाला. पावसात उरण-कळंबोलीकडे रस्त्याकडेची माती जॅकचा तळ गिळते. फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाड फळी कायम गाडीत असू द्या.

हायड्रॉलिक जॅक बिघडतो तो बहुतेक वेळा तेलामुळे. कमी पडलं म्हणून ब्रेक ऑइल ओतू नका: त्याने जॅकचं सील फुगतं आणि मऊ पडतं. हायड्रॉलिक जॅक ऑइलच घाला, दट्ट्या पूर्ण खाली असताना, भोकाच्या कडेपर्यंत. दांडा मारूनही जॅक चढत नसेल, चढताना स्पंजासारखा दबत असेल, तर आत हवा आहे. भार नसताना सोडायचा व्हॉल्व्ह उघडा, तेलाचं बूच सैल करा, सात-आठ पूर्ण दांडे मारा, मग दोन्ही बंद करा. पेटीत जॅक उभाच बांधा. आडवा पडला की बुचातून तेल झिरपतं आणि पंपात हवा शिरते.

स्क्रू जॅकला लागतं ते फक्त ग्रीस. आटे आधी डिझेलने धुऊन घ्या, नाहीतर ग्रीसमध्ये अडकलेली वाळू त्यांना कानशीसारखी घासते. आट्यांची वरची कड झिजून धारदार झाली असेल, तर तो जॅक पेटीतून काढून टाका.