‘गेट डाऊन’मधला हरवलेला ‘ऑफ’

बेळगावहून खानापूरला निघालेली बस पिरनवाडीला थांबते. कंडक्टर दारातून कन्नडमध्ये ओरडतो, “इळीरी, इळीरी!” टोपली सावरत एक मावशी शेजारणीला म्हणते, “उतरा की ओ, आला स्टॉप.” आणि दांडीला धरून उभा असलेला कॉलेजचा पोरगा फोनवर सांगतो, “थांब, मी आत्ता गेट डाऊन होतोय.”

या तिघांत चूक ठरतो तो पोरगा. माझ्या भाच्याचंही असंच झालं. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये त्यानं लिहिलं होतं, ‘आय विल गेट डाऊन ॲट गोगटे सर्कल’. सरांनी ‘डाऊन’वर लाल रेघ ओढून वर ‘ऑफ’ लिहिलं. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, “असंच असतंय.” वही माझ्यापुढं आपटून तो म्हणाला, “मामा, बसच्या दोन पायऱ्या खाली उतरूनच जमिनीवर येतो नव्हं? मग डाऊन का नको?”

प्रश्न रास्त होता. आजच्या ब्रिटिश-अमेरिकन वापराप्रमाणे बस, रेल्वे, विमान, सायकल यांवरून उतरायचं तर ‘गेट ऑफ’. कार किंवा टॅक्सीतून बाहेर पडायचं तर ‘गेट आउट’. झाडावरून, शिडीवरून, भिंतीवरून उतरायचं तर मात्र ‘गेट डाऊन’च. कामाला लागणं म्हणजे ‘गेट डाऊन टु वर्क’, आणि एखाद्या गोष्टीनं मन खचलं तर ती गोष्ट आपल्याला ‘गेट डाऊन’ करते. इंग्लंडमधली मुलं जेवण झाल्यावर टेबलावरून उठायची परवानगी मागतात तीही ‘मे आय गेट डाऊन?’ अशीच. म्हणजे खुर्चीवरून डाऊन चालतं, बसमधून चालत नाही.

मोठ्या क्रियापदाला चिमुकला शब्द चिकटवून अर्थ फिरवायची ही खोड इंग्रजीला फार जुनी. सॅम्युअल जॉन्सननं 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या जोड्यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. परक्यांना सगळ्यात जास्त त्रास यांचाच होतो, असं त्यानं तेव्हाच ओळखलं होतं. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते 1925 च्या पुस्तकात वापरलं आणि ते सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. आपल्याकडे हेच काम दुसरं क्रियापद जोडून होतं: उतरून घे, निघून जा, करून टाक. ‘टाक’मध्ये काय टाकायचं असतं, हे एखाद्या गोऱ्याला समजावून बघा, म्हणजे आपल्या सरांची अडचण कळेल.

खरी गंमत या दोन शब्दांच्या जन्मात आहे. ‘गेट’ मूळचा इंग्रजांचा नाहीच. नवव्या-दहाव्या शतकांत उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक येऊन राहिले. त्यांची भाषा आणि इंग्रजी शेजारीशेजारी नांदल्या, एकमेकींत मिसळल्या. ‘गेट’ हा त्यांचा शब्द. ‘दे’, ‘देम’ ही सर्वनामंसुद्धा त्यांचीच. शेजारच्या भाषेतून भाजीबाजाराचे शब्द येतात हे आम्हा सीमाभागातल्यांना नवं नाही, पण सर्वनामं उचलायची म्हणजे शेजार बराच मुरलेला असणार.

‘डाऊन’ मात्र अस्सल घरचा. जुन्या इंग्रजीत ‘दून’ म्हणजे टेकडी. दक्षिण इंग्लंडमधल्या टेकड्यांना अजूनही ‘डाऊन्स’ म्हणतात. ‘ऑफ-दून’ म्हणजे टेकडीवरून. बोलता बोलता पुढचा ‘ऑफ’ झिजून गेला आणि ‘डाऊन’ उरला. म्हणजे सरांनी लाल शाईनं घातलेला ‘ऑफ’ भाच्याच्या शब्दात मुळातच दडलेला होता! चोर्ला घाटानं गोव्याला उतरणाऱ्या बेळगावकराला हा ‘डाऊन’ समजावून सांगावा लागत नाही.

मराठीची वाट उलटी, पाण्याची. ‘उतरणे’ संस्कृतातल्या उत् आणि तृ यांवरून आलं: पाणी ओलांडून काठावर येणं. त्यावरूनच ‘उतारू’. प्रवास करणाऱ्याला आपण त्याच्या उतरण्यावरून ओळखलं, चढण्यावरून नाही. ‘पायउतार’ म्हणजे घोड्यावरून किंवा पालखीतून खाली पाय ठेवणं. आता तो शब्द मंत्र्यांसाठी राखून ठेवलाय. इंग्रजीत रेल्वेच्या पाटीवर दिसणारं ‘अलाइट’ही घोड्यावरचंच: खाली उतरून जनावराचं ओझं हलकं करायचं.

आता हे ‘गेट डाऊन’ इथं का रुजलं? माझ्या मते दोन कारणं एकत्र आली. 1818 मध्ये जनरल मन्रोच्या फौजेनं बेळगावचा किल्ला घेतला, पुढं छावणी पडली. तो भाग आजही कॅम्प. त्या काळच्या इंग्लंडात लोक घोडागाडीच्या टपावर बसून जात, आणि टपावरून ‘गेट डाऊन’ म्हणणं अगदी रीतसर होतं. 1880 च्या दशकात बेळगावात सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज गाडी आली. पुढं तिकडं इंग्लंडात ट्राम-बसच्या जमान्यात ‘ऑफ’नं बाजी मारली. इकडं मात्र ‘डाऊन’ला आधार द्यायला आपल्या भाषा उभ्या होत्या. मराठीत झाड, घाट, बस, सगळ्यावरून उतरायचंच. ताप आणि भावही उतरतात. कन्नडमध्ये झाड असो की बस, ‘इळी’च. बेळगावच्या पोराच्या दोन्ही कानांत खाली येणंच पडतं, तो ‘ऑफ’ कुठून आणणार?

1956 मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, 2014 मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. पाट्यांवरून भांडणं झाली, अजून होतात. बसमधल्या ‘गेट डाऊन’वर कुणी हक्क सांगितल्याचं ऐकिवात नाही.

शिवाय हा ‘डाऊन’ एकटा आला नाही. रेल्वेच्या कारभारात मुख्य ठाण्याकडं जाणारी गाडी ‘अप’ आणि उलटी ‘डाऊन’. इंग्लंडात लंडनकडं जाणारी अप. त्या वेळापत्रकातून आपण क्रियापद घडवलं: अप-डाऊन करणं. महाराष्ट्रातल्या चंदगडकडचे कितीतरी जण शिनोळीमार्गे रोज बेळगावच्या उद्यमबागेत कामाला अप-डाऊन करतात, राज्याची हद्द दिवसातून दोनदा ओलांडून. हे इंग्रजी लंडनच्या माणसाला सांगितलं तर तो गोंधळेल.

भाच्याला मी सांगितलं, पेपरात ‘ऑफ’ लिही, मार्क त्यालाच आहेत. परवा त्याचा फोन आला, “मामा, आरपीडीच्या स्टॉपला गेट डाऊन झालोय, गाडी घेऊन या.” मी स्कूटर काढली.